रेगेन्सबुर्ग : नगरदर्शनाची परिपाठी आणि स्थलनामांची साक्ष

युरोपातील जुन्या नगरांत आगंतुकांना पायी हिंडवून नगराची ओळख करून देण्याची प्रथा चांगलीच रूढ झालेली आहे. वाटाड्या पुढे, मंडळी मागे, आणि दीड-दोन तासांत दोन हजार वर्षे उरकावयाची, असा तिचा साधारण क्रम असतो. इतिहासाचे अभ्यासक अशा फेरीकडे बहुधा उपेक्षेने पाहतात. परंतु ही उपेक्षा योग्य नव्हे. नगरदर्शन हेही एक प्रकारचे इतिहासकथनच होय. त्यात निवड असते, वगळणूक असते, आणि कार्यकारणभावाची एक अबोल मांडणीही असते. ग्रंथ वाचणाऱ्यांपेक्षा अशी फेरी करणारे संख्येने कितीतरी अधिक असल्यामुळे नगराविषयीची लोकांची समजूत पुष्कळ अंशी तिच्यातूनच घडते. तिचा एक विशेष मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. ग्रंथातील इतिहास काळाच्या क्रमाने चालतो, तर फेरीतील इतिहास पायांच्या क्रमाने. तेराव्या शतकाच्या मंदिरासमोरून दुसऱ्या शतकाच्या वेशीकडे आणि तेथून बाराव्या शतकाच्या पुलाकडे जाताना जी संगती लागते ती स्थळाची असते, काळाची नसते. आणि ती भरून काढण्यासाठी वाटाड्याला आख्यायिकांचा आश्रय घ्यावा लागतो.

डॅन्यूब नदीच्या काठी वसलेल्या बव्हेरियातील रेगेन्सबुर्ग या नगराच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात या नगराचा मध्यभाग मोठ्या प्रमाणावर वाचला. १७ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकन विमानांनी येथील मेसरश्मिट विमान कारखान्यावर बाँबवर्षाव केला. पण तो कारखाना जुन्या नगराच्या पश्चिमेस होता. त्यामुळे मध्ययुगीन गल्ल्या, मनोरे आणि त्यांची नावे यांचा संच येथे जवळजवळ अखंड मिळतो. २००६ मध्ये श्टाटआमहोफसह या जुन्या नगराचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झाला. भाषाभ्यासकाला यातील इमारतींइतकीच नावे मोलाची वाटतात, कारण इमारत पाडता येते, नाव पाडणे त्या मानाने अवघड असते. अर्थात ते झाकता येते. तो विषय पुढे येईल.

प्रथम खुद्द नगराच्या नावाकडे वळू. डॅन्यूब नैर्ऋत्येकडून येते, येथे आपल्या प्रवाहाचे उत्तरेकडील टोक गाठते आणि आग्नेयेकडे वळते. उत्तरेकडून येणारी नाब नदी किंचित वरच्या अंगाला, आणि रेगेन नदी नगरासमोरच तिला मिळते. रोमन साम्राज्याची सीमा या भागात हीच नदी होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत दक्षिणेकडील कुंप्फम्यूलच्या उंचवट्यावर एका तुकडीची छावणी होती; मार्कोमान्नी टोळ्यांशी झालेल्या युद्धांत ती नष्ट झाली. त्यानंतर मार्कस ऑरेलियस याच्या कारकीर्दीत तिसऱ्या इटालिका सैन्यदलाने नदीलगत प्रचंड दगडी छावणी उभारली. या घटनेचे साल आपणांस अनुमानाने काढावे लागत नाही. पूर्व वेशीवरील शिलालेखाचे दोन तुकडे १८७३ मध्ये सापडले, आणि त्यांतील सम्राटाच्या बिरुदांवरून इ. स. १७९ हे वर्ष निश्चित होते. नगराच्या जन्माचा असा कोरीव दाखला हाती असणे ही भाग्याचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

या छावणीला कास्त्रा रेगिना म्हणत. लॅटिन भाषेत ‘रेगिना’ म्हणजे राणी, तेव्हा ‘राणीची छावणी’ असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात चटकन उभा राहतो. आधुनिक जर्मनमध्ये ‘रेगेन’ म्हणजे पाऊस. त्यामुळे ‘पावसाचा किल्ला’ ही दुसरी व्युत्पत्तीही लोकांच्या तोंडी असते, आणि ज्या दिवशी फेरीला पाऊस गाठतो त्या दिवशी ती विशेष खपते. दोन्ही व्युत्पत्त्या निराधार आहेत. छावणीचे नाव रेगेन नदीवरून पडले, आणि नदीचे नाव लॅटिनहून व जर्मनहूनही जुने आहे. आपण ज्याला लोकव्युत्पत्ती म्हणतो तिचे हे शुद्ध उदाहरण होय. अपरिचित शब्द कानावर पडला की भाषिक मन त्याला जवळच्या परिचित शब्दाच्या दावणीला बांधते.

परंतु या नगराला दुसरेही नाव आहे. फ्रेंच त्याला रातिसबॉन म्हणतात, जुन्या इंग्रजी लेखनात रॅटिसबन येते, लॅटिन लेखनात रातिसबोना. याचे मूळ ‘रादास्बोना’ या रूपात सापडते, आणि त्यातील ‘-बोना’ हे पद केल्टिक आहे. व्हिएन्नाच्या विंदोबोना या प्राचीन नावात तेच दिसते. आश्चर्याची गोष्ट अशी की, रोमन काळच्या उपलब्ध साधनांत हे केल्टिक नाव येत नाही. ते प्रथम लिहिले गेले इ. स. ७७० च्या सुमारास, फ्रायसिंगचा बिशप आर्बेओ याने लिहिलेल्या संत एमेरामच्या चरित्रात. रोमन येण्यापूर्वीचे नाव रोमन निघून गेल्यावर तीन शतकांनी कागदावर यावे, याचा अर्थ एवढाच होऊ शकतो की, मधल्या काळात ते कोणाच्या तरी तोंडी जिवंत होते. सैन्य गेले, कारभार गेला, तरी काही माणसे राहिली आणि त्यांनी नाव पुढच्यांच्या हाती दिले. येथे सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. नावाचे सातत्य हा माणसांच्या सातत्याचा पुरावा असला, तरी मूळची केल्टिक वस्ती नेमकी कोठे होती हे त्यावरून ठरत नाही. नाव चार मैल सरकू शकते.

फेरीत रोमन काळाची खूण म्हणून पोर्टा प्रेटोरिया, म्हणजे छावणीची नदीकडील उत्तर वेस, दाखवितात. तिची एक कमान व बाजूचा बुरूज पुढील काळातील इमारतीच्या भिंतीत गाडला गेला होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो मोकळा करण्यात आला. प्रचंड चिरे एकमेकांवर बसविलेले आहेत, आणि शेजारच्या गिलाव्याच्या भिंतीपुढे ते रस्त्यातच उभे राहिलेल्या म्हाताऱ्यासारखे दिसतात. बव्हेरियाच्या आगिलोल्फिंग घराण्यातील ड्यूकांनी याच रोमन तटाच्या आत आपली राजधानी केली. ७८८ मध्ये शार्लमेनने तासिलो तिसरा याला पदच्युत करीपर्यंत ती त्यांच्याकडे होती. तट बांधणारे गेल्यावरही तट राज्य करवितो, हे या नगरात स्पष्ट दिसते.

वेशीपासून नदीवरील दगडी पूल हाकेच्या अंतरावर आहे. त्याचे बांधकाम ११३५ ते ११४६ या अवघ्या अकरा वर्षांत झाले. मूळच्या सोळा कमानी. पायांचे रक्षण करण्यासाठी त्यांच्याभोवती नदीत केलेली भरीव बेटे. आणि त्या बेटांमुळे प्रवाह आवळला जाऊन कमानींखाली उठणारे भोवरे, जे होड्यांना जाचक ठरत. ११४७ मध्ये दुसऱ्या धर्मयुद्धाच्या सेना या मार्गाने गेल्या, आणि ११८९ मध्ये फ्रीड्रिख बार्बारोसा याने तिसऱ्या धर्मयुद्धासाठी येथूनच प्रस्थान ठेवले. पुलाविषयी जी कथा सांगतात ती मोठी लोकप्रिय आहे. पूल बांधणारा आणि कॅथीड्रल बांधणारा यांच्यात आधी कोण पुरे करतो याची पैज लागली. पूलवाल्याने सैतानाशी करार केला, पुलावरून जाणारे पहिले तीन जीव त्याला देऊ केले, पैज जिंकली आणि माणसांऐवजी कोंबडा, कोंबडी व कुत्रा पुढे सोडून सैतानालाही फसविले. पुलावर एक लहानशी दगडी मूर्ती आहे. ती डोळ्यांवर हात धरून कॅथीड्रलच्या दिशेने पाहते, आणि तिला या कथेशी जोडतात. आजची मूर्ती १८५४ ची आहे.

कालगणनेच्या दृष्टीने ही कथा टिकत नाही. पूल ११४६ मध्ये पुरा झाला. आजच्या गॉथिक कॅथीड्रलच्या कामाला आरंभ झाला तो १२७३ च्या आगीनंतर. दोन कारागिरांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. पण कथा खोटी ठरली म्हणजे तिचे काम संपले, असे मात्र नव्हे. संत पीटरच्या कॅथीड्रलचे मनोरे १८६९ पर्यंत शिखरांवाचून उभे होते. म्हणजे सुमारे सहाशे वर्षे नगरवासी पुलावरून जाता-येता एकीकडे पुरा झालेला पूल आणि दुसरीकडे अपुरे मंदिर पाहत होते. पुलावर हक्क चालत होता तो व्यापारी नगराचा. मंदिर होते बिशपचे. १२४५ मध्ये सम्राट फ्रीड्रिख दुसरा याच्याकडून नगराला स्वायत्त साम्राज्यनगराचा दर्जा मिळाला आणि तेथून पुढे नगर व बिशप या दोन सत्ता एकाच तटाच्या आत नांदू लागल्या. आमच्या मते पैजेच्या कथेत हा सलोखा नसलेला शेजार बोलतो. ती बाराव्या शतकाची साक्ष देत नाही, पुढच्या शतकांची देते.

पूल ओलांडला की श्टाटआमहोफ लागते. आज ते रेगेन्सबुर्गचाच एक भाग आहे, परंतु १९२४ पर्यंत ते स्वतंत्र नगर होते. आणि रेगेन्सबुर्ग साम्राज्यनगर असताना श्टाटआमहोफ बव्हेरियाच्या ड्यूकाच्या मुलखात मोडत असे. तेव्हा पुलाचे उत्तर टोक ही एक राजकीय सरहद्द होती. फेरीत हे क्वचितच सांगितले जाते, कारण बहुतेक फेऱ्या पुलाच्या मध्यावर छायाचित्रे घेऊन मागे फिरतात.

जुन्या नगरातील वालेनश्ट्रासे ही गल्ली भाषाभ्यासकाला विशेष थांबविणारी आहे. श्रीमंत व्यापारी घराण्यांनी इटालियन धर्तीवर बांधलेल्या मनोऱ्यांपैकी ‘सोनेरी मनोरा’ याच गल्लीत आहे, आणि मंडळींच्या माना तिकडे वळतात. पण खरा ठेवा नावात आहे. ‘वाल्ह’ किंवा ‘वेल्श’ हा शब्द जर्मानिक लोक आपल्या दक्षिणेच्या व पश्चिमेच्या परभाषिक शेजाऱ्यांना लावीत. मूळ तो वोल्की या एका केल्टिक जमातीच्या नावापासून आला. पुढे जमात विसरली गेली आणि शब्द रोमान्स भाषा बोलणाऱ्या कोणालाही लागू झाला. ब्रिटनमधील वेल्स, बेल्जियममधील वालून, रुमानियातील वालाकिया ही सारी त्याच शब्दाची नातवंडे होत. संस्कृतातील ‘यवन’ शब्दाचा प्रवास असाच झाला आहे. आयोनियन ग्रीकांचे नाव. मग कोणताही ग्रीक. मग पश्चिमेकडून येणारा कोणीही परका. आपल्या ‘फिरंगी’ शब्दात फ्रँक जमात अशीच दडलेली आहे. वालेनश्ट्रासे म्हणजे रोमान्स भाषकांची गल्ली. मध्ययुगात आल्प्सपलीकडील व्यापारी येथे स्थायिक होते, याची आठवण व्यापारी गेल्यावरही पाटीवर राहिली.

नावामुळे मालमत्तेचे हस्तांतर व्हावे, असाही एक प्रसंग या नगरात घडलेला आहे. अकराव्या शतकात आयर्लंडहून संन्यासी येथे आले. त्यांतील मुइरेदाख, ज्याला लॅटिनमध्ये मारियानुस स्कोटुस म्हणतात, याने १०७९ मध्ये लिहून पुरी केलेली पॉलच्या पत्रांची पोथी आज व्हिएन्नात आहे. या आयरिश मंडळींनी संत याकोबाचा मठ स्थापिला आणि त्याला ‘श्कोटेनक्लोस्टर’, म्हणजे स्कॉट लोकांचा मठ, असे नाव पडले. कारण त्या काळी लॅटिनमध्ये ‘स्कोटी’ म्हणजे आयरिश. पुढे शब्दाचा अर्थ सरकला, स्कोटी म्हणजे स्कॉटलंडचे असे रूढ झाले, आणि १५१५ मध्ये पोप लिओ दहावा याच्या काळी हा मठ स्कॉटलंडच्या संन्याशांकडे गेला. त्यांच्या हक्काचा मुख्य आधार हे नावच होते! स्कॉट संन्यासी तेथे १८६२ पर्यंत राहिले. अर्थपरिवर्तनाचा इतका ठोस परिणाम दाखविणारे दुसरे उदाहरण सहसा सापडावयाचे नाही. मंदिराच्या उत्तर दारावरील बाराव्या शतकातील गूढ शिल्पे काचेच्या आवरणात जपलेली आहेत. त्यांच्या अर्थाविषयी विद्वानांत एकमत नाही.

जुन्या नगरसभागृहाकडे येताना फेरी पुन्हा राजकारणात शिरते. १६६३ मध्ये तुर्कांविरुद्ध मदत मिळविण्यासाठी सम्राटाने येथे साम्राज्यसभा, म्हणजे राइशटाग, बोलाविली; ती विसर्जित झालीच नाही, आणि १८०६ मध्ये पवित्र रोमन साम्राज्य संपेपर्यंत चालू राहिली. राजेरजवाडे स्वतः येईनासे झाले, त्यांचे वकील कायमचे राहू लागले. गेझांटेनश्ट्रासे, म्हणजे वकिलांची गल्ली, हे नाव त्याचेच फळ. १७४८ पासून सम्राटाच्या मुख्य प्रतिनिधीचे पद टुर्न उंड टाक्सिस या टपालाचा मक्ता असलेल्या घराण्याकडे आले आणि ते या नगरात स्थायिक झाले. साम्राज्यसभेच्या दालनात वाटाडे एक लांब बाक दाखवितात आणि ‘लांब बाकावर सरकविणे’, म्हणजे काम लांबणीवर टाकणे, हा जर्मन वाक्प्रचार येथे जन्मला असे सांगतात. जर्मन कोशकार तो न्यायालयांत कागदपत्रे ठेवण्याच्या पेटीवजा बाकांशी जोडतात, आणि असे बाक प्रत्येक नगरात होते. तेव्हा त्याचे पितृत्व एकाच दालनाला देण्याचे कारण दिसत नाही, मग ती सभा दिरंगाईबद्दल कितीही प्रसिद्ध असो.

त्याच इमारतीच्या तळघरात यातनागृह आहे. त्याचे जुने नाव ‘फ्रागश्टाट’, शब्दशः ‘विचारण्याची जागा’. क्रूर कृत्याला कारकुनी नाव देण्याची ही प्रवृत्ती सर्वत्र आढळते, आणि तिच्याकडे भाषाभ्यासकाने विनोदाने पाहू नये.

येथवर नावे जे सांगतात ते पाहिले. नगराच्या मध्यभागी असे एक नाव आहे की जे सांगत नाही. नॉयप्फारप्लात्स, म्हणजे ‘नव्या धर्मग्रामाचा चौक’. नाव निरुपद्रवी आहे. नवे म्हटले की जुने काय होते असा प्रश्न उद्भवावा, परंतु तो सहसा कोणी विचारीत नाही. येथे ज्यूंची वसाहत होती. या नगरातील ज्यूंचा उल्लेख दहाव्या शतकापासून मिळतो. हा बव्हेरियातील सर्वांत जुना ज्यू समाज होय. १०९६ मध्ये धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी त्यांना डॅन्यूबमध्ये लोटून बळाने बाप्तिस्मा दिला. पुढल्याच वर्षी सम्राट हेन्री चौथा याने त्यांना स्वधर्मात परतण्याची मुभा दिली. बाराव्या शतकाच्या अखेरीस यहूदा हे-हासिद हा धर्मचिंतक श्पायरहून येथे आला आणि १२१७ मध्ये येथेच वारला. पेटाखिया हा प्रवासी याच समाजातला. त्याने बगदादपर्यंतचा प्रवास केला आणि त्याचा वृत्तांत हिब्रू भाषेत उरला आहे. म्हणजे ज्या काळात वालेनश्ट्रासेतील व्यापारी नगराला इटलीशी जोडत होते, त्याच काळात ही वसाहत त्याला मेसोपोटेमियापर्यंत जोडत होती.

जानेवारी १५१९ मध्ये सम्राट माक्सिमिलियन मरण पावला. ज्यूंना सम्राटाचे संरक्षण असे. गादी रिकामी होताच ते नाहीसे झाले. कॅथीड्रलचा प्रवचनकार बाल्थासार हुब्मायर याने लोकांना अगोदरच चेतविले होते. हाच हुब्मायर पुढे पुनर्बाप्तिस्मावाद्यांचा पुढारी झाला आणि १५२८ मध्ये व्हिएन्नात जाळला गेला. फेब्रुवारीत नगरपरिषदेने हद्दपारीचा हुकूम काढला. काही दिवसांत घरे व सिनागॉग पाडून टाकण्यात आले. कबरस्तान उद्ध्वस्त झाले आणि त्यातील हिब्रू लेखांच्या शिळा नगरवासीयांनी आपल्या घरांच्या भिंतींत विजयचिन्हांप्रमाणे बसविल्या. काही आजही दिसतात. चित्रकार अल्ब्रेख्त आल्टडॉर्फर हा नगरपरिषदेच्या बाह्य मंडळाचा सभासद होता. सिनागॉग पाडण्यापूर्वी त्याने आतील दालनाची व देवडीची अशी दोन कोरीव चित्रे केली. त्यांतील एकावर, ही वास्तू ईश्वराच्या न्याय्य निवाड्याने समूळ पाडली गेली, अशा आशयाचा लॅटिन मजकूर आहे. तेव्हा त्या वास्तूचे एकमेव विश्वसनीय चित्र ती पाडण्याच्या निर्णयात भागीदार असलेल्याच्या हातचे आहे. साधनचिकित्सा शिकविताना विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यास याहून योग्य उदाहरण क्वचितच मिळेल. रेषा विश्वासार्ह आहे, मजकूर नाही, आणि दोन्ही एकाच पत्र्यावर आहेत.

रिकाम्या जागेवर मेरीच्या नावाने लाकडी मंदिर उभारण्यात आले आणि यात्रेकरूंची रीघ लागली. पुढे दगडी चर्च बांधण्यास घेतले. १५४२ मध्ये नगराने सुधारणापंथ स्वीकारला आणि ते प्रॉटेस्टंट लोकांचे चर्च झाले. चौकाला नाव मिळाले ते या चर्चवरून. पाच शतके त्या नावाने आपले काम केले. १९९५ मध्ये चौकाचे उत्खनन सुरू झाले, तेव्हा फरसबंदीखाली तळघरे, गॉथिक सिनागॉगचा पाया, त्याच्याही खाली जुन्या रोमानेस्क सिनागॉगचे अवशेष, आणि १९९६ मध्ये ६२४ सुवर्णनाण्यांचा साठा सापडला. तळघरांचा काही भाग भूमिगत संग्रहालय म्हणून जपला आहे. सिनागॉगच्या जागी इस्रायली शिल्पकार दानी कारावान याने २००५ मध्ये पायाचा आराखडा पांढऱ्या उठावात घडविला. लोक त्यावर बसतात, मुले त्यावरून उड्या मारतात, आणि शिल्पकाराचा उद्देश तसाच होता. १९१२ मध्ये बांधलेले पुढचे सिनागॉग नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळण्यात आले. त्याच जागी नवे सिनागॉग २०१९ मध्ये, म्हणजे हद्दपारीनंतर बरोबर पाचशे वर्षांनी, उघडले. कॅथीड्रलच्या दक्षिण अंगावर, जुन्या ज्यू वसाहतीकडे तोंड करून, ज्यूंचा बीभत्स उपहास करणारे मध्ययुगीन शिल्प अजून आहे आणि त्याच्याजवळ माहितीफलक लावलेला आहे.

आता फेरीच्या क्रमाचा प्रश्न पुन्हा विचारात घेता येईल. नॉयप्फारप्लात्सवर मंडळी सामान्यतः थांबतात. वाटाडे १५१९ विषयी बोलतातही, आणि पूर्वीच्या मानाने पुष्कळ मोकळेपणाने बोलतात. पण तेथे येईपर्यंत पैज, सैतान आणि लांब बाक यांनी श्रोत्यांचा कान कथेला सरावलेला असतो, आणि हद्दपारीही मग त्याच सुरात ऐकली जाते. दोष सांगणाऱ्याचा म्हणता येत नाही. तो क्रमाचा आहे. चौकातून आरंभ करून पुलाकडे गेल्यास आख्यायिका आख्यायिकांसारख्या ऐकू येतील.

जुन्या नगराच्या पूर्वेस, बऱ्याच फेऱ्या जेथपर्यंत पोहोचत नाहीत तेथे, दाखाउप्लात्स आहे. १९४५ मध्ये त्याचे नाव मोल्टकेप्लात्स होते. २३ एप्रिल रोजी सैन्याने दगडी पुलाच्या कमानी सुरुंगाने उडविल्या. त्याच दिवशी या चौकात, बऱ्याच अंशी स्त्रियांचा, जमाव गोळा झाला आणि नगर न लढता अमेरिकन सेनेच्या स्वाधीन करावे अशी मागणी करू लागला. कॅथीड्रलचा प्रवचनकार योहान मायर बोलावयास उभा राहिला आणि बोलणे पुरे होण्याआधीच त्याला पकडण्यात आले. २४ तारखेच्या पहाटे त्याला फाशी दिले. २७ तारखेस नगर न लढता स्वाधीन झाले. १५१९ मध्ये ज्या व्यासपीठावरून हुब्मायर बोलला होता त्याच पदावर मायर होता. या चौकालगत रोमन तटाचा एक भाग मोटारतळाच्या आत उघडा ठेवलेला आहे, आणि समोरच्या जुन्या मठात नगराचे इतिहाससंग्रहालय आहे. मार्कस ऑरेलियसच्या बिरुदांचा तो शिलालेख तेथेच पाहावयास मिळतो.